प्रार्थनेला शब्दच सुचत नसतील, तर श्रद्धेतून दिलासा कसा मिळावा?

वडील जाऊन चार महिने झाले तरी प्रार्थनेला बसल्यावर शब्द सुचत नाहीत, तेव्हा आपला विश्वासच उणा पडला की काय, असे आपण विचारले आहे. मी पाळक (चर्चची धर्मगुरू) नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) एका ख्रिस्ती मंडळीत लहानाची मोठी झाले, एवढाच माझा अधिकार.

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा धाकटा भाऊ गेला. दफनाला आम्ही मोजकी चार माणसे होतो आणि चर्च बंद असल्याने शोकसभाही झाली नाही. फोन करणारे मात्र "देवाची काही तरी योजना असेल" असे सांगत राहिले. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण मला त्या वाक्याची चीड येई आणि चीड आली म्हणून पुन्हा अपराधी वाटे.

आईच्या बायबलमध्ये २३ व्या स्तोत्राचे, म्हणजे "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" या दिलाशाच्या प्रार्थनागीताचे, पान बोटे लागून लागून काळपट झाले आहे. त्या दिवसांत मात्र ती थोडे मागे जाऊन १३ वे स्तोत्र वाचत असे, ज्यात दावीद राजा देवाला एकदा नव्हे, चार वेळा "कोठवर?" असे विचारतो. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी सांत्वनाची एक ओळही नाही. देवाशी असे भांडलेले शब्द ज्या ग्रंथात प्रार्थना म्हणून जपले गेले आहेत, तो ग्रंथ मानणाऱ्याने आपल्या मुकेपणाला अविश्वास का म्हणावे, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचले.

बायबलमधल्या, मुलेबाळे आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, तोवर सगळे ठीक होते. उपदेश करू लागले आणि बिघडले. निर्बंध सैल झाल्यावर मंडळीतल्या एक वयस्कर बाई रोज संध्याकाळी आमच्याकडे येत, आईबरोबर भाजी निवडत आणि उठताना येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणत. मी गप्प बसून असे. आमेनसुद्धा त्याच म्हणत. त्या प्रार्थनेत "माझ्या पित्या" असे नसून "आमच्या पित्या" असे आहे, भाकरही "आमची" मागितलेली आहे, म्हणजे माझ्या वाटची प्रार्थना दुसऱ्याने म्हटली तरी चालते, हे इतकी वर्षे पाठ असूनही माझ्या ध्यानात आले नव्हते.

पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली; त्यानंतरही पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामाला लागून राहिल्या आणि एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या धीराचे गोडवे गाण्यासाठी हे सांगत नाही. शोकात माणसाला समोर रोजचा ठरलेला मजकूर असण्याचा मोठा आधार होतो, असे मला स्वानुभवाने वाटते.

म्हणून आपण सध्या शब्द जुळवण्याच्या भरीस पडू नये. १३ वे स्तोत्र मोठ्याने वाचावे आणि रविवारी उपासनेत मागच्या बाकावर का होईना, बसावे. झोप आणि जेवण तुटले असेल, तर डॉक्टरांकडेही जावे. त्याने श्रद्धेला कमीपणा येत नाही.

माझा भाऊ उपासनेत तबला वाजवत असे. त्याच्या आवडीचे एक भजन सुरू झाले की आजही माझा आवाज फुटत नाही. मी पुस्तक उघडून उभी राहते आणि बाकीचे गातात.