टाळ्या वाजवणारे शेजारी आता कुरकुरतात

पत्र:

ताई, आम्ही मूळचे विट्याचे, २०१७ पासून लेस्टरला आहोत. मी एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, स्टाफ नर्स, मिस्टर आयटीत. २०२० साली करोनात दर गुरुवारी रात्री आठला आमच्या गल्लीतले शेजारी दारात येऊन टाळ्या वाजवायचे, पातेली बडवायचे. माझ्याकडे बघून हात हलवायचे. आज त्यातलेच दोघे भेटले की म्हणतात, तुमच्या एनएचएसचा पार बट्ट्याबोळ झालाय. ते एक वेळ सोसेन, पण घरीही तेच. मिस्टरांचं हर्नियाचं ऑपरेशन अकरा महिने लटकलंय. रोज जेवताना मुलांसमोर सुरू करतात, "मिरजेत आठ दिवसांत झालं असतं." साडेबारा तासांची ड्युटी करून आल्यावर ते मला लागतं. त्यात जूनमध्ये सासरे येतायत. वय ७४, शुगर आहे, गुडघे गेलेत. मिस्टर म्हणतात, दादांना आपल्या जीपीकडे (एनएचएसच्या भागातल्या डॉक्टरकडे) नेऊ, पत्ता आपलाच देऊ, कोण विचारतंय. नणंदबाई सांगलीहून म्हणतात, एवढा टॅक्स भरता, मग घ्या की वसूल करून. मी कुणाची बाजू घेऊ?

उत्तर:

अगं, तू माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची, तेव्हा एकेरीच लिहिते. एकतीस वर्षं मी सांगली जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात काढली. आधी उपकेंद्रावर नर्सबाई, निवृत्त होताना आरोग्य सहायिका. लसीचा डबा खांद्याला अडकवून वस्त्या-वाड्या तुडवल्या. "सरकारी म्हणजे असलंच" हे ज्यांचं बाळंतपण मी केलं त्यांच्याही तोंडून ऐकलंय. तेव्हा तुला जेवताना काय होत असेल ते मला कळतं.

आधी शेजाऱ्यांचं घेऊ. ब्रिटनमध्ये लोकांची मतं विचारणारी एक मोठी पाहणी १९८३ पासून चालत आली आहे. एनएचएसवर समाधानी आहात का, हा त्यातला जुना प्रश्न. २०१० साली शंभरातले ७० जण हो म्हणाले होते. २०१९ मध्ये ६० आणि २०२४ मध्ये २१, म्हणजे पाहणी सुरू झाल्यापासूनचा तोवरचा नीचांक. तुझे शेजारी काही जगावेगळं बोलत नाहीत. पण याच पाहणीत दुसराही प्रश्न असतो. उपचार घेताना पैसे द्यावे लागू नयेत, हे तत्त्व अजून राहावं का? त्याला दहातले नऊ जण हो म्हणतात.

मला यात काही विसंगत वाटत नाही. आपल्या एसटीचं बघ. विट्याच्या स्टँडवर ताटकळलेला माणूस कंडक्टरपासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करतो. पण गावची मुक्कामी गाडी बंद करतो म्हटलं की हाच गडी दुसऱ्या दिवशी डेपो मॅनेजरच्या टेबलापुढं निवेदन घेऊन उभा. त्याला एसटी नको नसते, वेळेवर हवी असते.

आणि हे मत असं वर-खाली होतच आलंय. १९९७ सालीही समाधानी लोक फक्त ३४ टक्के होते. मग सरकारनं बरीच वर्षं पैसा ओतला, रांगा आखडल्या, तसं मत चढत चढत ७० वर गेलं. २०१० नंतर पैशाची वाढ मंदावली, त्यावर करोना आला. रेफरल झाल्यापासून, म्हणजे जीपीनं हॉस्पिटलकडे पाठवल्यापासून, १८ आठवड्यांत उपचार, हे ठरलेलं उद्दिष्ट इंग्लंडनं २०१६ नंतर गाठलेलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वेटिंग लिस्ट ७७ लाखांच्या वर गेली. २०२२ च्या डिसेंबरात तुम्ही नर्सच संपावर गेलात, ते तर तू जवळून पाहिलंस. नाराज लोकांना कारण विचारलं तर सगळ्यात आधी जीपीची आणि हॉस्पिटलची वाट बघणं सांगतात. समाधानी असलेले काय सांगतात? पैसे पडत नाहीत आणि काळजी चांगली घेतात. त्यातलं दुसरं म्हणजे तू. शेजाऱ्याचा राग वेटिंग लिस्टवर आहे, तुझ्या हातावर नाही.

पैशाचं भांडण तिथंही पहिल्यापासूनचं आहे बरं का. ५ जुलै १९४८ ला ही सेवा उभी करणारा मंत्री अन्यूरिन बेव्हन. चष्मा आणि कवळीसाठी पैसे घ्यायचं ठरलं म्हणून १९५१ मध्ये त्यानं मंत्रिपद सोडलं. कवळीपायी राजीनामा! आपल्याकडे असा कुणी आठवतो का, बघ.

आता घरातलं. मिरजेबद्दल मिस्टर जे म्हणतात ते खोटं नाही. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढल्यापासून मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगीच नाही. कर्नाटकातून लोक येतात. सकाळी सोनोग्राफी, दुपारी सर्जन, परवा ऑपरेशन. फक्त मिस्टरांच्या त्या आठ दिवसांच्या आधी एक काउंटर असतो, तो त्यांच्या गोष्टीत येत नाही.

पंधरा वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्यांच्या छातीत कळ आली. रात्री दीडला आम्ही त्यांना तिथल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. काउंटरवरचा पोरगा काही वाईट नव्हता. मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "मावशी, डिपॉझिट भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढं जाऊच देत नाही." बहिणीनं साबण न लावता हातातल्या पाटल्या ओढून काढल्या, मनगट सोलवटलं. मेव्हणे वाचले, डॉक्टर देवमाणूस होता, आजही त्यांचं नाव काढतो आम्ही. पण बहिणीच्या हातात पाटल्या परत आल्या नाहीत.

उलट २०२२ साली मी लेकीकडे इंग्लंडला गेले होते, बर्फावरून घसरले, मनगट टम्म सुजलं. ए अँड ई मध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, सात तास बसले. खोटं कशाला बोलू, चौथ्या तासाला मीही सगळ्या खात्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. शेवटी एक्स-रे झाला, हाड शाबूत निघालं, पट्टा बांधला. बाहेर पडताना सवयीनं पर्स उघडून बिलाचा काउंटर शोधत होते. लेक हसायला लागली.

म्हणून एक बरं आणि दुसरं वाईट, असं मी म्हणणार नाही. मला भीती वेगळीच वाटते, आणि ती आमच्या आरोग्य केंद्रात बसून शिकलेली आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या केंद्रात सरपंचाची सून बाळंतपणाला यायची. हायस्कूलच्या मास्तरांची पोरं लसीला रांगेत असायची. मास्तर मोठे कुरकुरे. बाकडं हलतंय, नळाला पाणी नाही, डॉक्टर साडेनऊला येतात. प्रत्येक वेळी बीडीओंना अर्ज, तोही वळणदार अक्षरात. आम्हाला त्यांचा वैताग यायचा. मग सांगली-मिरजेत खासगी दवाखाने वाढले, लोकांच्या हातात चार पैसे आले. आधी सरपंचाची सून दिसेनाशी झाली, मग मास्तरांचं घर. भांडण नाही, तक्रार नाही, फक्त यायचे थांबले. पुढच्या उन्हाळ्यात ओपीडीतला पंखा बंद पडला. दीड वर्ष तसाच. रांगेत ज्या बायका उरल्या होत्या त्या पदरानं वारा घेत बसायच्या. अर्ज कुणी लिहायचा? गावासाठी दवाखाना होता, तो बघता बघता गरिबांसाठीचा झाला. आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या भोर समितीनं १९४६ मध्येच, म्हणजे एनएचएसच्या दोन वर्षं आधी, आपल्या देशाला सांगितलं होतं की ऐपत नाही म्हणून कुणी उपचाराला मुकू नये. ते आपल्याकडे कागदावर राहिलं, त्याला कारणं पुष्कळ. मी पाहिलेलं त्यातलं एक म्हणजे मास्तर निघून गेले.

तुझ्या गल्लीत मास्तर अजून रांगेत आहेत. जीपीच्या वेटिंग रूममध्ये वकीलही असतो आणि बस ड्रायव्हरही. ते कुरकुरतात तोवर मला फारशी काळजी वाटत नाही. आणि तुझे मिस्टर हे त्या गल्लीतले मराठी मास्तर आहेत, फक्त अर्ज लिहायचा सोडून ते भाकरीवर राग काढतायत. तेव्हा त्यांना अर्ज लिहायला बसव.

इंग्लंडचा नियम असा आहे, आणि तो तुला माझ्याहून जास्त ठाऊक असणार, पण घरच्या माणसाला सांगायचं राहून जातं. जीपीनं रेफर करताना पहिल्या तपासणीसाठी हॉस्पिटल निवडायचा हक्क पेशंटला असतो. एनएचएसचं काम घेणारी खासगी हॉस्पिटलंही त्या यादीत असतात, खर्च एनएचएसचाच. १८ आठवडे उलटून गेले असतील तर दुसरीकडे हलवा, असं लेखी मागता येतं. अकरा महिन्यांत मिस्टरांनी हे एकदा तरी मागितलं का? माझी पैज आहे, नाही. लेस्टरमध्ये तारीख नसली तर तासाभरावरच्या गावात असू शकते. रविवारी बसून दोघं मिळून पत्र लिहा. त्यात "बट्ट्याबोळ" वगैरे शब्द नकोत. रेफरलची तारीख, किती आठवडे झाले, कामावर काय अडतं, एवढंच. उत्तर आलं नाही तर हॉस्पिटलच्या तक्रार विभागाकडे त्याच पत्राची प्रत.

एवढं करूनही त्यांना मिरजेलाच करून घ्यायचं असेल तर खुशाल या. त्यात गद्दारी नाही. मात्र रजा नीट काढा, लगेच विमानात बसू नका, परतीची तारीख सर्जनला विचारून ठरवा. डिस्चार्ज कार्ड आणि कोणती जाळी बसवली त्याची नोंद घेऊन जा, म्हणजे पुढे तिथल्या डॉक्टरला अंदाज घेत बसावं लागणार नाही. आणि तोवर फुगवटा आत जाईना, जोरात दुखायला लागलं, उलट्या झाल्या, तर वाट बघायची नाही, ए अँड ई. हे तू जाणतेस, पण तू ड्युटीवर असताना घरी ते आणि मुलंच असतात.

दादांच्या बाबतीत मात्र मी तुझ्या मिस्टरांच्या साफ विरुद्ध आहे. "कोण विचारतंय"? हॉस्पिटल विचारतं. जीपीला दाखवायला हरकत नाही. इंग्लंडमध्ये पाहुण्यालाही जीपी फुकट तपासतो, थोड्या दिवसांसाठी नावही घालतो. त्यासाठी दादा तिथलेच रहिवासी आहेत असं भासवायची गरजच नाही. ए अँड ई मध्ये पाहुण्यालाही पैसे पडत नाहीत, जसे मला पडले नाहीत. पण अ‍ॅडमिट केलं की बिल सुरू, आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्याला ते एनएचएसच्या दराच्या दीडपट लागतं. गुडघ्यासारखं तातडीचं नसलेलं काम असेल तर पैसे आधी भरावे लागतात. ५०० पौंडांच्या वरचं बिल दोन महिने थकलं तर व्हिसा देणाऱ्या होम ऑफिसला कळवलं जाऊ शकतं, मग दादांचा पुढचा व्हिसा अडकतो. नातवाच्या पदवीदानाला आजोबा नाहीत, असं व्हायचं. शिवाय तू त्याच खात्यात नोकरीला आहेस. सुनेच्या युनिफॉर्मला डाग लागेल असं काही दादा स्वतःही करणार नाहीत, मी विट्याची माणसं ओळखते. त्यांना कुणी विचारलंच नसेल.

नणंदबाईंच्या "वसूल करून घ्या"वर हेच उत्तर आहे. तुमचा टॅक्स तुमच्यासाठी आहे, दादांसाठी नाही. व्हिसा घेताना एनएचएससाठी जो सरचार्ज भरावा लागतो, त्याचा राग मात्र मला समजतो. तुम्ही आलात तेव्हा माणशी वर्षाला २०० पौंड होता, आता मोठ्या माणसाला १,०३५ आहे आणि टॅक्स वेगळा. तुमच्या मंडळात कुणी नवीन आलं असेल आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचा खास व्हिसा नसून दुसऱ्या व्हिसावर राहून दवाखान्यात किंवा केअर होममध्ये काम करत असेल, तर सांग त्यांना. सहा महिने, आठवड्याला सरासरी १६ तास काम झालं असेल तर भरलेला सरचार्ज परत मागता येतो. पुष्कळांना पत्ताच नसतो.

मिस्टरांना मात्र एक अट घाल. राग काढायचा तर मुलं झोपल्यावर, आणि तुझी ड्युटी नसलेल्या दिवशी. शेजाऱ्यांना काही समजावत बसू नकोस. कुरकुरले की विचार, "मग तक्रार लिहिलीत का?"

दादांचे गुडघे निघायच्या आधी सांगलीतच दाखवून घ्या. प्रवासाचा विमा काढताना शुगर लपवू नका, लपवलेल्या दुखण्याचा क्लेम देत नाहीत. सगळ्या मुक्कामाला पुरतील एवढी औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, त्यात ब्रँडच्या नावाशेजारी औषधाचं मूळ नाव. घसा, कान किंवा कीटकचावा चिघळणं, असल्या किरकोळ गोष्टींना आधी कोपऱ्यावरचा फार्मसीवाला गाठायचा, रात्री काही वाटलं तर एनएचएसच्या १११ नंबरला फोन. भडंगाची पाकिटं जाऊ देत मोठ्या बॅगेत. गोळ्या आणि गुडघ्याची फाईल मात्र हातातल्या पिशवीत, आणि ती पिशवी दादांच्याच मांडीवर.