बॅटरी बदलायच्या आधी मीटर लाव

भावा, तुझी अडचण थोडक्यात अशी: जुनी पेट्रोल गाडी सकाळी सुरू होत नाही, गॅरेजवाला बॅटरी आणि सेल्फ (इंजिन सुरू करायला फिरवणारी मोटर) दोन्ही बदला म्हणतोय, घरात पंखा हळू फिरतोय, मिक्सर बंद पडलाय. हे सगळं घरी करायला शिकलो तर पैसे वाचतील का, असं तू विचारतोस. वाचतील, आणि त्यातले बरेचसे पाना हातात घ्यायच्या आधीच वाचतील. कोल्हापुरात मजुरी अजून परवडते. खिशाला भोक पडतं ते चांगला पार्ट काढून नवा बसवल्यामुळं.

म्हणून आधी पान्यांची पेटी घेऊ नको. व्होल्टेज आणि करंट मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर घे, काही शेकड्यांत मिळतो. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी बॉनेट उघडून बॅटरीवर व्होल्टेज मोज. 12.6 च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग घरातल्या कुणालातरी सेल्फ मारायला सांग आणि तू आकड्यावर नजर ठेव. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जात असेल तर ती म्हातारी झालीय. दहाच्या वर राहूनही सेल्फ फिरत नसेल तर बॅटरीला दोष देऊ नको. करंट सेल्फपर्यंत पोचत नाही, नाहीतर सेल्फच गेलाय. आवाजावरूनही अंदाज येतो: भराभर टिकटिक झाली तर बहुधा बॅटरी किंवा टर्मिनल, एकच जोराचा 'खट' झाला तर बहुधा सेल्फचा सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा स्विच.

गाडी सुरू झाल्यावर तिसऱ्यांदा मोज. 13.8 ते 14.4 दिसायला हवं. साडेबारावरच अडकून खाली सरकत असेल तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) चार्ज करत नाही किंवा त्याचा पट्टा ढिला आहे. अशा गाडीत नवी बॅटरी टाकलीस तर तीही काही दिवसांत झोपणार, आणि गॅरेजवाला म्हणणार बॅटरीच खराब निघाली.

टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घास. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. निम्म्या केसेस इथंच मिटतात, असं माझं मत.

एवढं करूनही बॅटरी रात्रीत उतरत असेल तर कुठंतरी करंट चोरला जातोय. निगेटिव्ह केबल सोडवून लाल वायर मीटरच्या 10 अँपिअरच्या सॉकेटात घाल, मीटर केबल आणि बॅटरीच्या मधे जोड, गाडी लॉक कर आणि अर्धा तास थांब. 50 मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडला की चोर सापडला. बऱ्याचदा तो बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम किंवा डॅशकॅम असतो. मीटर मधे असताना सेल्फ मात्र मारू नको, मीटरचा फ्यूज उडेल नाहीतर मीटरच जळेल.

सेल्फच गेलाय असं ठरलं तरी नवा घ्यायची घाई नको. आपल्याकडं कोल्हापुरात उद्यमनगर, म्हणजे कारखान्यांचा भाग आहे, याचा फायदा घे. कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश), बुश, बेअरिंग, वाइंडिंग, लेथचं काम करणारे गाळे तिथं एकमेकांना चिकटून आहेत. गाडी दारात उभी करण्याऐवजी सेल्फ किंवा अल्टरनेटर घरी सोडवून सुटा घेऊन जा. बिल कमी होतं आणि पार्ट तुझ्यासमोर उघडला जातो. जुना पार्ट परत मागून घे, हा नियम कुठंही पाळ.

घरच्या वस्तूंचं सोपं आहे. पंखा हळू फिरत असेल तर मेन स्विच बंद कर, टेस्टर लावून खात्री कर आणि पाती हातानं फिरव. मोकळी फिरत असतील तर दोष बहुतेक वेळा कपॅसिटरचा. त्यावर 2.5 किंवा 3.15 असा आकडा असतो, तोच आकडा बघून नवा आण, शंभराच्या आतबाहेर मिळतो. अडकत किंवा खरखरत असतील तर बेअरिंग. मिक्सर वाळलं खोबरं नि मिरच्या ठासून भरल्यावर बंद पडला असेल तर तळाचं लाल बटण बघ. तो ओव्हरलोडचा स्विच असतो; थंड झाल्यावर दाबला की बहुतेक सुरू होतो. नाही झाला तर कार्बन झिजलेत का ते बघ.

टीव्ही विचारला नाहीस, पण सांगून ठेवतो: आवाज येतोय, चित्र नाही, तर अंधारात स्क्रीनवर टॉर्च तिरका मार. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट गेलाय, ते काम दुरुस्त होतं. पॅनेल फुटलं असेल तर मात्र सोड.

हात लावू नये अशाही गोष्टी आहेत. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा करंट राहू शकतो. फुगलेली मोबाइलची बॅटरी उचकटू नको. गाडीतले पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. ब्रेक आणि स्टेअरिंग जाणकाराकडंच. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड हवाच.

आता पावसाळा तोंडावर आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीकडं पाणी कसं चढलं होतं ते आठवत असेलच. पाण्यात उभी राहिलेली गाडी 'बघू तरी' म्हणून सुरू करायची नाही. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विमा पॉलिसीत ते नुकसान बऱ्याचदा नाकारलं जातं. बॅटरीची केबल सोडव आणि टो करून ने. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शन आहे का, तेही आत्ताच बघून घे.

तर उद्या सकाळी तीन आकडे मोज: उभ्या गाडीचा, सेल्फ मारतानाचा, सुरू झाल्यावरचा. इथं टाक, मग बॅटरी घ्यायची की सेल्फ सोडवायचा ते ठरवू. तोवर गॅरेजवाल्याला ॲडव्हान्स देऊ नको.