‘लुटारू’ कोणाला म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: ‘२००५ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सवर आलेल्या कतरिना चक्रीवादळावरचा एक लेख दिवाळी अंकासाठी मराठीत करते आहे. मूळ लेखात लूटिंग आणि लूटर्स हे शब्द पानोपानी आहेत. मी सगळीकडे लूटमार आणि लुटारू लिहिलं. संपादकांनी “एवढे सगळे लुटारू कसे?” असा शेरा मारून मजकूर परत पाठवला. लेखात दोन छायाचित्रांच्या ओळी आहेत. एकीत लूटिंग, दुसरीत फाइंडिंग. त्यांचं काय करू? आणि लूटमार, लुटमार, लुटालूट यांतलं शुद्ध काय?’

संपादकांचा शेरा रास्त आहे. त्यामागे भाषेचं कारण आहे, आणि त्या शहरात त्या आठवड्यात जे घडलं त्याचंही.

आधी शब्द. इंग्रजांनी ‘लूट’ आपल्याकडूनच नेला. अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात वावरणाऱ्या इंग्रजांच्या लिखाणात तो दिसू लागला, आणि पुढे तिकडे पक्का रुजला. संस्कृतातले लुण्ट्, लुण्ठ् हे धातू त्याच्या मुळाशी. पण तिकडे गेल्यावर शब्द आक्रसला. युद्ध, दंगल किंवा आपत्ती असताना दुकानं-घरं फोडून माल नेणं, एवढाच अर्थ प्रामुख्याने उरला. मराठीत मात्र त्याचा पसारा मोठा आहे. दसऱ्याला आपण सोनं लुटतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण लुटतात, म्हणजे वाटतात. घेणारी नव्हे, देणारी ‘लुटते’. बोरन्हाणात मुलाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओततात आणि बाकीची पोरं ती लूट गोळा करतात. मजा लुटतात, आनंद लुटतात, दुकानदार सवलतींची लयलूट करतात. दुसऱ्या टोकाला सुरतेची लूट: फौजेने केलेली, हिशेबाने सरकारजमा होणारी. आणि रोजच्या वर्तमानपत्रात ‘प्रवाशांची लूट’, ‘ग्राहकांची लूट’, जिथे कुणी कुलूप फोडलेलं नसतं, फक्त अडलेल्याकडून अवाच्या सवा पैसे घेतलेले असतात.

हा शेवटचा अर्थ तुमच्या लेखात लगेच उपयोगी पडेल. १ सप्टेंबर २००५ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी दूरचित्रवाणीवर सांगितलं की कायदा मोडणाऱ्यांची गय करू नये. त्या यादीत त्यांनी दुकानं लुटणारे, पेट्रोलचे भाव चढवणारे, मदतनिधीत फसवणूक करणारे आणि विम्यात लबाडी करणारे, सगळे एकत्र घेतले. इंग्रजीत या चार वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत पहिल्या दोन्ही ‘लूट’च. म्हणून त्या परिच्छेदात पहिल्यासाठी ‘दुकानं फोडणं’ आणि दुसऱ्यासाठी ‘अडवून भाव घेणं’ असं उलगडून लिहा. नाहीतर वाचक गोंधळेल.

आता खरी अडचण, ‘लुटारू’. इंग्रजीत ज्याने एकदा लुटलं तोही लूटर. मराठीत लुटारू म्हणजे ज्याचा तो धंदा आहे तो. लुटारूंची टोळी असते, त्यांचा म्होरक्या असतो, ते वाटेवर दबा धरून बसतात. पुराच्या पाण्यात तीन दिवस अडकलेल्या बाईने बंद दुकानातून पाण्याच्या बाटल्या उचलल्या, तर तिला ‘चोरी केली’ असं म्हणता येईल. लुटारू मात्र कुणी मराठी माणूस म्हणणार नाही. तुम्ही शब्दाला शब्द ठेवलात, पण एका कृतीच्या जागी एक जात उभी राहिली. संपादकांना तेच खटकलं असणार.

आणि हा फरक कागदापुरता नाही. २९ ऑगस्ट २००५ ला वादळ किनाऱ्याला धडकलं, शहराचे पूररोधक बांध फुटले आणि जवळजवळ ऐंशी टक्के न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली गेलं. ज्यांच्याकडे गाडी नव्हती, बाहेर राहायला पैसे नव्हते, ते मागे राहिले. त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय. छपरांवर माणसं अडकलेली असताना ३१ तारखेला महापौर रे नेगिन यांनी सुमारे १५०० पोलिसांना शोध-बचावाचं काम थांबवून लूट रोखायला पाठवलं. पाण्यातली माणसं सोडून दुकानांकडे. शहर ज्या लुइझियाना राज्यात आहे तिथल्या राज्यपाल कॅथलीन ब्लँको यांनी जाहीर सांगितलं की आलेल्या सैनिकांच्या बंदुका भरलेल्या आहेत, गोळी कशी घालायची ते त्यांना येतं, आणि गरज पडली तर ते घालतील. काही घरा-दुकानांवर पाट्या लागल्या: लुटाल तर गोळी घालू. एकदा ‘लुटारू’ हा शब्द माणसाला चिकटला की ‘गोळ्या घाला’ हे त्याच्या मागोमाग फार सहज येतं. मराठीत तर ते वाक्य तयारच आहे.

२ सप्टेंबरला शहराच्या अल्जिअर्स भागात एका छोट्या दुकानसंकुलापाशी आलेल्या निःशस्त्र माणसावर पोलिसाने गोळी झाडली; तो मेला, आणि नंतर दुसऱ्या एका पोलिसाने त्याचं प्रेत गाडीसकट जाळलं. ४ सप्टेंबरला डँझिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र लोकांवर गोळीबार केला. दोन ठार, चार जखमी. मेलेल्यांत सतरा वर्षांचा एक मुलगा होता आणि एक मतिमंद माणूस, त्याला पाठीत गोळ्या लागल्या. पुलावरून चाललेल्यांत एक कुटुंब खाण्यापिण्याच्या आणि गरजेच्या वस्तू शोधायला निघालं होतं. पोलिसांनी सुरुवातीला गोळीबार समर्थनीय ठरवला, प्रकरण दडपलं. अखेर २०१६ साली पाच माजी पोलिसांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. हे सगळं तुमच्या लेखात असेल किंवा नसेल, पण ‘लुटारू’ लिहिताना हात थांबावा म्हणून सांगतो आहे.

म्हणजे तिथे लूट झालीच नाही असं नाही. झाली. दुकानांतून टीव्ही गेले, बंदुका गेल्या, औषधदुकानं फुटली. एका मोठ्या दुकानातून माल नेणाऱ्यांत काही पोलीसही होते. त्या सगळ्याला ‘लूट’ म्हणायला मुळीच कचरू नका. पण पूरग्रस्तांनी आसरा घेतलेल्या सुपरडोम स्टेडियममध्ये शेकडो खून झाल्याच्या, लहान मुलांवर अत्याचार झाल्याच्या ज्या बातम्या जगभर गेल्या, त्यांतल्या बहुतेक पुढे निराधार ठरल्या. तिथल्याच ‘टाइम्स-पिकायून’ या दैनिकाने महिनाभरात त्यांचा छडा लावला. सुपरडोममध्ये दोनशे प्रेतं असल्याची वदंता होती, सापडली सहा, आणि त्यांतला एकही खून नव्हता. आपत्तींचा अभ्यास करणाऱ्यांना याचं नवल वाटलं नाही. १९६३ साली ओहायो राज्य विद्यापीठात सुरू झालेलं आणि आता डेलावेअरमध्ये असलेलं आपत्ती संशोधन केंद्र कित्येक दशकं हेच सांगत आलं आहे: दंगलीत लूट होते, भूकंप-पुरात क्वचित. १९८९च्या ह्यूगो वादळानंतर कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर झालेली सर्रास लूट हा ठळक अपवाद. एरवी शेजारी शेजाऱ्याला काढतो, आणि लुटीची भीती मात्र घर सोडून निघायला तयार नसलेल्या माणसाला पाण्यात बसवून ठेवते.

आता छायाचित्रं. दोन्ही प्रसिद्ध आहेत. ती एका मोठ्या वृत्तसंकेतस्थळावर बहुधा एकाच दिवशी दिसली, आणि लोकांनी ती शेजारीशेजारी ठेवून दाखवली. पहिल्यात एक कृष्णवर्णीय तरुण छातीभर पाण्यातून चालला आहे, काखेत सोड्याचा, म्हणजे शीतपेयांचा खोका, मागे पाण्यावर तरंगणारी काळी पिशवी. खालची ओळ: किराणा दुकान लुटून पाण्यातून जाणारा तरुण. दुसऱ्यात उजळ वर्णाचे दोघे, तसंच पाणी, तसाच माल. ओळ: किराणा दुकानातला पाव आणि सोडा सापडल्यावर पाण्यातून जाणारे दोन रहिवासी. पहिली असोसिएटेड प्रेसची, दुसरी एएफपी-गेटीची. दोन वेगळे छायाचित्रकार, दोन वेगळ्या वृत्तसंस्था. पहिल्याच्या संस्थेचं म्हणणं, आमच्या माणसाने तरुणाला दुकानात शिरून माल आणताना पाहिलं. दुसऱ्याचं म्हणणं, माल दारातून वाहून बाहेर येत होता, दोघांनी तरंगता उचलला. दोघांनीही खोटं लिहिलं असं मला वाटत नाही. पण दोन्ही ओळी एकत्र वाचणाऱ्याला जे दिसलं तेही खोटं नव्हतं. एकजण ‘तरुण’, दुसरे ‘रहिवासी’, हेही पाहा.

या ओळींचं भाषांतर करताना मराठीचं व्याकरण आडवं येतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. ‘लुटणे’ला करणारा लागतो: त्याने दुकान लुटलं. ‘सापडणे’ उलट चालतं: त्यांना पाव सापडला. इथे पाव हा कर्ता; माणसं नुसती ‘त्यांना’ होऊन बाजूला उभी. इंग्रजीत शोधणारा निदान कर्त्याच्या जागी तरी असतो. मराठीत तोही आधार जातो. त्यामुळे मूळ दोन ओळींमधलं अंतर मराठीत आणखी वाढतं. तरीही या दोन ओळी तुम्ही बदलू नका. त्या अवतरणं आहेत आणि वाद त्यांच्या शब्दांवरच झाला आहे. ‘लुटून’ आणि ‘सापडल्यावर’ असंच ठेवा. पुढे एक वाक्य घाला की मूळ इंग्रजीत दोन्हीकडे माणसंच कर्ता आहेत. मग वाचक मराठीमुळे वाढलेला फरक मूळ छापणाऱ्यांच्या माथी मारणार नाही. ‘सापडल्यावर’ऐवजी ‘मिळवून’ही सुचेल, पण ‘मिळवणे’त खटपट आहे, आणि तिथे सांगायचं होतं ते हेच की खटपट करावी लागली नाही.

लेखकाच्या स्वतःच्या निवेदनात मात्र एकच शब्द सगळीकडे चालवू नका. रिकाम्या घराचं कुलूप तोडून आत शिरले, तर आपल्याकडे पोलिसांच्या आणि बातमीदारांच्या तोंडी रोजचा शब्द आहे, घरफोडी. धाक दाखवून घेतलं तर जबरी चोरी. पाच किंवा अधिक माणसांनी तसं केलं तर दरोडा, हा आपल्या फौजदारी कायद्यातला फरक आहे. बंदुका, टीव्ही यांसाठी दुकानं फुटली तिथे लूट किंवा लुटालूट. लुटालूटमध्ये अनेकांनी एकाच वेळी, जो तो आपलं बघत नेणं येतं. लूटमारमध्ये मारहाण ऐकू येते; हिंसा नसेल तिथे तो शब्द टाळा. आणि दूध, पाणी, पाव, लंगोट, इन्शुलिन नेलं असेल तिथे साधं ‘नेलं’, ‘उचललं’, ‘घेऊन गेले’ म्हणा. रस्त्यात टेम्पो उलटून टोमॅटो सांडले की आपले बातमीदार ‘पळवापळवी’, ‘झुंबड’ असे शब्द वापरतात. तेही कुठेकुठे कामी येतील, पण त्यांत जरा हसू आहे, ते छपरावर दोन रात्री काढलेल्या माणसाला लावू नका. माणसांसाठी ‘लुटारू’ फक्त टोळ्यांबद्दल बोलताना. इतरत्र ‘दुकानात शिरलेले लोक’, ‘माल नेणारे’. चार अक्षरं जास्त लागतील, लागू द्या.

कायद्याबद्दल एक. लुइझियानात लूटिंग हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि आणीबाणी जाहीर असताना त्याला जबर कैद आहे. त्याच काळात शेजारच्या केनर गावात सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंना चौसष्ट डॉलरांहूनही कमी किमतीचा खाण्याचा माल लुटल्याच्या आरोपावरून दोन आठवड्यांहून जास्त तुरुंगात राहावं लागलं. जामीन ठरला होता पन्नास हजार डॉलर. बाईंचं म्हणणं होतं की त्या स्वतःच्या गाडीतून सॉसेज आणायला गेल्या होत्या. आपल्या भारतीय न्याय संहितेत, आणि आधीच्या दंड संहितेतही, ‘लूटिंग’ असा स्वतंत्र गुन्हा नाही. म्हणून आरोपपत्राच्या संदर्भात नुसतं ‘लूट’ लिहिलं तर वाचकाला ते बातमीदाराचं विशेषण वाटेल. तिथे ‘तिथल्या कायद्यातला लुटीचा गुन्हा’ असं एकदा स्पष्ट करा. जाता जाता: मदतीसाठी आलेला पैसा किंवा सामान हडपणाऱ्याला शिक्षा आपल्या २००५च्याच आपत्ती व्यवस्थापन कायद्यात आहे.

त्या हडपणाऱ्यासाठी मराठीत ‘लुटारू’पेक्षा जहाल बोल आहे: मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा. तुमच्या लेखात मदतनिधीतल्या घोटाळ्यांवर भाग असेल तर तो तिथे वापरा. पाव नेणाऱ्याला कुणी हे म्हणत नाही. हा वाक्प्रचार संकटातून नफा काढणाऱ्यासाठी राखलेला आहे, आणि तो राखलेलाच बरा.

शुद्धलेखन. लूट दीर्घ, कारण शब्द अकारान्त आहे आणि उपान्त्य उकार दीर्घ लिहितात. सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो: लुटीचा माल, लुटीत मिळालेलं. लुटणे, लुटारू, लुटवणे यांत ऱ्हस्वच. लुटालूटमध्ये पहिला ऱ्हस्व, दुसरा दीर्घ. लूटमार हा समास, दूधभातासारखा. पहिलं पद आपलं रूप राखतं, म्हणून लूटमार, लूटमारीचा. ‘लुटमार’ छापलेलं पुष्कळदा दिसतं, तुम्ही मात्र दीर्घ ठेवा.