सेरेब्रल पाल्सी मेंदूची आहे, मग डॉक्टरांनी पोटरीची सोनोग्राफी कशाला सांगितली?

तुम्ही लिहिलंय की मुलगा 4 वर्षांचा आहे, दोन्ही पायांना सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालीत येणारा दोष) आहे, चवड्यांवर चालतो, मेंदूचा एमआरआय झालाय आणि आता पोटरीची सोनोग्राफी सांगितलीय, तर हा उगाचचा खर्च नाही ना. मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. माझं स्पष्ट मत, करून घ्या.

मेंदूतली इजा वाढत नाही हे खरं, पण मूल तर वाढतं ना, हाडं भराभर लांब होतात आणि मसल त्या वेगाने वाढत नाही, म्हणून आधी टाच टेकवणारं मूल पुढे टेकवेनासं होतं, आणि यातलं काहीच मेंदूच्या एमआरआयमध्ये दिसत नाही. ऑस्ट्रेलियात 2011 साली 2 ते 5 वर्षांच्या मुलांवर थ्रीडी सोनोग्राफीने अभ्यास झाला होता, त्यात सीपीच्या मुलांच्या पोटरीचा आतल्या बाजूचा मसल सरासरी 22 टक्के लहान निघाला, पण त्यातल्या धाग्यांची लांबी मात्र जवळपास इतर मुलांइतकीच! म्हणजे नुसता 'आखडलाय, ताणा' म्हणून भागत नाही, तो मुळात बारीक आणि अशक्त असतो. मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, कारण आपल्याकडे घरोघरी स्ट्रेचिंग चालू असतं आणि ताकदीचा व्यायाम मागे पडतो. उकिडवं बसून उठणं, पायऱ्या, चढ चढणं, हे सगळं खेळता खेळता रोज व्हायला हवं.

सोनोग्राफीत मुलाला पालथं झोपवतात, पोटरीवर भरपूर जेल लावतात आणि प्रोब (सोनोग्राफी मशीनचा त्वचेवर फिरवायचा भाग) अगदी अलगद ठेवतात, कारण जरा दाबला तरी मसल चपटा होतो आणि जाडी चुकीची येते. निरोगी मसल स्क्रीनवर काळपट दिसतो आणि त्यात तिरक्या पांढऱ्या रेघा असतात, सीपीत चरबी आणि तंतू वाढले की तोच मसल पांढुरका, धुरकट दिसायला लागतो. दुखत नाही, रेडिएशन नाही, भूल नाही. एमआरआयमध्ये प्रत्येक मसलचं आकारमान आणि आतली चरबी जास्त नीट मोजता येते, पण मूल बराच वेळ हलता कामा नये, त्यामुळे लहानांना बहुतेक वेळा भूल द्यावी लागते, नुसत्या पोटरीसाठी मी ते सुचवणार नाही. (आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, म्हणून फिजिओकडे हे मशीन सहसा नसतं, रेडिओलॉजीतच जावं लागतं.)

बोटॉक्सचा (कडक मसल काही काळ सैल करणाऱ्या इंजेक्शनचा) विचार चालू असेल तर इंजेक्शनच्या आधीचं माप असलेलं फार बरं. पहिल्या बोटॉक्सनंतर 6 महिन्यांपर्यंत त्या मसलचं आकारमान कमी राहिल्याचं एमआरआयच्या अभ्यासात दिसलंय. म्हणून घेऊच नका असं अजिबात नाही, कडकपणा खूप असेल तर त्याचा उपयोग होतो, पण पुढचं इंजेक्शन कधी हे ठरवताना मसल किती भरून आलाय ते हातात असावं, आणि मधल्या काळात व्यायाम नेटाने हवा.

जाताना रेडिओलॉजिस्टना आधीच सांगा की रक्तवाहिन्यांची नाही, मसलची सोनोग्राफी हवीय. दोन्ही पायांची जाडी मिलिमीटरमध्ये, कुठल्या जागी मोजली आणि घोटा तेव्हा किती अंशात होता, एवढं रिपोर्टमध्ये लिहून घ्या. नाहीतर पुढच्या वेळचा आकडा कशाशी ताडून बघणार?