सई या नावाचा अर्थ काय? साईबाबांशी त्याचा काही संबंध आहे का?

तुम्ही लिहिलंय की मुलीचं नाव ‘सई’ ठेवायचं जवळजवळ ठरलंय, पण सासूबाई म्हणतात, दोन अक्षरांत काय आलं, आधी अर्थ सांग.

मी या बाबतीत पोळलेली आत्या आहे. नऊ वर्षांपूर्वी साताऱ्यात भाचीच्या बारशाला हेच नाव मी तिच्या कानात सांगितलं, पाठीत धपाटेही खाल्ले. नंतर घुगऱ्या वाटताना चुलत आजीनं विचारलं, “काय ठिवलं म्हनं नाव?” म्हटलं, सई. “म्हंजी? तलाठ्याकडं करत्यात ती?”

आमच्याकडं जुनी माणसं सहीला ‘सई’च म्हणतात. ती सही अरबी-फारसीतून आलेली, तिचा या नावाशी काही संबंध नाही. साईबाबांच्या ‘साई’चाही नाही.

नावातली सई म्हणजे मैत्रीण. संस्कृतात सखी, प्राकृतात ‘ख’चा ‘ह’ होऊन सही, आणि मराठीत तो ‘ह’ही गळून सई. लिख् पासून आपलं ‘लिहिणं’ झालं, तीच ही वाट. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत एक बाई दुसरीजवळ मन मोकळं करते तेव्हा हाक मारते ‘सहि’. जात्यावरच्या ओव्यांतली ‘सये’ ती हीच. प्राकृतात ‘सती’चंही ‘सई’ होतं, म्हणून नावांच्या काही पुस्तकांत तो अर्थ सापडेल. चूक म्हणता येणार नाही, पण मराठी बायकांच्या तोंडी सई म्हणजे जिवाभावाची मैत्रीणच. सासूबाईंना हाच सांगा.

इतिहासातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव सईबाईंचं. शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी, माहेर फलटणचं, नाईक निंबाळकरांचं, म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यातलं. 1657 मध्ये पुरंदरावर संभाजी महाराज जन्मले आणि 1659 च्या सप्टेंबरात राजगडावर सईबाई गेल्या. त्यांच्या थोरल्या मुलीचं नाव काय होतं? सखूबाई. तिला पुन्हा फलटणलाच दिली, महादजी नाईक निंबाळकरांना. फलटणहून सई गेली आणि फलटणला सखू आली. ही दोन्ही नावं एकाच ‘सखी’ची आहेत हे मला बारशानंतर बऱ्याच दिवसांनी सुचलं, आणि सुचलं तेव्हा हसू आलं, कारण त्या चुलत आजीचं नाव सखूबाई.

तिला जाऊन सांगितलं, आजी, तुझं आणि पोरीचं नाव एकच आहे. ती शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “मग सखूच ठिवायचं हुतं की. त्याला काय झालं हुतं?”

काय उत्तर देणार? कराडची संत सखू सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. सासूनं खांबाला बांधून ठेवली आणि तिच्या जागी खुद्द विठ्ठल सून होऊन राबला अशी कथा. तरी आज कुणी मुलीचं नाव सखू ठेवायला धजत नाही. गावंढळ वाटतं म्हणे. आणि सई मात्र ‘छान, छोटं, वेगळं’!

वेगळं आता तितकंसं राहिलेलं नाही, हे मोकळेपणानं सांगते. आमच्या आईच्या पिढीत सई म्हटलं की सई परांजपेच आठवायच्या, दुसरी कुणी माहीत नसायची. नंतर दोन अक्षरी नावांची हौस आली, जुई, ईरा, मीरा, त्यात हेही वर आलं. सई ताम्हणकर तर मूळची सांगलीचीच, त्यामुळे इकडं कुणाला नाव दोनदा सांगावं लागत नाही. भाचीच्या वर्गात दोघी आहेत. बाई एकीला थोरली सई म्हणतात, एकीला धाकटी. वयात फरक अडीच महिन्यांचा.

खरी कटकट इंग्रजी स्पेलिंगची. भावानं सरळ एस-ए-आय लिहिलं. मग एका दाखल्यावर मराठीत ‘साई’ होऊन आलं आणि पुढं लिंग ‘पुरुष’. दुरुस्तीला तीन खेपा, प्रतिज्ञापत्र, वर कारकुनाचं ऐकून घेणं वेगळंच. तेव्हा जन्मदाखला करतानाच एस-ए-ई-ई लिहा, आणि देवनागरीतली ‘ई’ दीर्घ आहे ना, ते सही करण्यापूर्वी तिथंच उभं राहून वाचा.