लानिउख्लिनला यायचं ठरवताय तर

ताई, तुमच्या यजमानांना उत्तर वेल्समधल्या बाला या गावाजवळ काम मिळतंय, शेजारच्या लानिउख्लिन गावात भाड्याचं घर पाहिलंय, मुलगी सात वर्षांची आहे, आणि तुमचा प्रश्न एवढाच आहे की गावात इंग्रजीवर भागेल ना. भागेल. गावाची रोजची भाषा वेल्श असली तरी सगळ्यांना इंग्रजी येतं आणि तुमच्याशी ते आपणहून इंग्रजीत बोलतील. पण मी इथे सहा वर्षं आहे, म्हणून मनापासून सांगते, तेवढ्यावर थांबू नका.

आधी नाव म्हणायला शिका. ‘लान’ म्हणजे चर्च, ‘उख’ म्हणजे वर, ‘लिन’ म्हणजे तळं. तळ्याच्या वरच्या अंगाचं चर्च. यातला ‘ल’ आपला नव्हे. जीभ ‘ल’च्या जागी टेकवायची आणि दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडायची. पहिला आठवडा सगळे हसतात, मग जमतं. ‘ख’ मात्र उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा, तो आपल्याला लगेच येतो. तळं म्हणजे लिन तेगिद, वेल्समधलं सर्वांत मोठं नैसर्गिक तळं. मागे आरान डोंगर, आणि बाकी सगळी मेंढरांची कुरणं.

गाव लहान आहे, पण त्याची पुण्याई मोठी. गावात शिरताना बापलेकांचा पुतळा दिसतो. बाप ओ. एम. एडवर्ड्स, जन्म १८५८, याच गावचे. शाळेत वेल्श बोलले म्हणून त्यांच्या गळ्यात दोरीनं लाकडाचा तुकडा अडकवला जायचा, त्याला ‘वेल्श नॉट’ म्हणत. दुसरं पोर वेल्श बोलताना सापडलं की तो तुकडा त्याच्या गळ्यात, आणि दिवस संपताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी. हेच ओ. एम. पुढे १९०७ मध्ये वेल्सच्या शाळांचे मुख्य निरीक्षक झाले आणि शाळांत वेल्शला मान मिळावा म्हणून झटले. लेक इवान यांनी १९२२ मध्ये वेल्श बोलणाऱ्या मुलांसाठी ‘उर्द’ ही संघटना काढली. तिचं ग्लान-लिन शिबिर या तळ्याच्याच काठावर आहे. तुमची लेक एक दिवस तिथे होडी वल्हवेल बघा.

मायकेल डी. जोन्सही इथलेच, जन्म १८२२. वेल्श माणसाला आपली भाषा राखता यावी म्हणून थेट दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियात वसाहत करायची, ही त्यांची खटपट. १८६५ मध्ये ‘मिमोसा’ जहाजातून सुमारे दीडशे माणसं गेली.

आणि बालाच्या पलीकडे ट्रवेरिनचं खोरं. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी तिथे धरण बांधायचा कायदा १९५७ मध्ये लंडनच्या पार्लमेंटनं केला. वेल्सच्या एकाही खासदारानं त्याच्या बाजूनं मत दिलं नव्हतं. १९६५ मध्ये धरणाचं उद्‌घाटन झालं तेव्हा कापेल केलिन हे गाव, शाळा आणि प्रार्थनामंदिरासकट, पाण्याखाली गेलेलं होतं. माझं आजोळ कोयनेत बुडालं. ट्रवेरिनच्या धरणाच्या भिंतीवर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा आजी आठवली, पाणी उतरलं की आमचं देऊळ दिसतं म्हणायची. इथली माणसं भाषेबद्दल हळवी का, हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन शुश्रूषेचं काम करते. एका आजींचं इंग्रजी विस्मरणाच्या आजारात पार पुसलं गेलं होतं. मी ‘टी?’ म्हणून कप पुढे करायचे आणि त्या हात झटकायच्या. शेजारणीनं शब्द सांगितला, ‘पानाद’. दुसऱ्या दिवशी ‘पानाद?’ म्हटलं, तर त्यांनी दोन्ही हातांत कप धरला आणि माझ्याकडे बघून बराच वेळ बोलत राहिल्या. मला त्यातलं चार शब्दही कळलं नाही. त्याच आठवड्यात मी वेल्शच्या वर्गाला नाव घातलं.

मुलीची काळजी करू नका. गावची प्राथमिक शाळा वेल्श माध्यमाची आहे. नव्यानं आलेल्या मुलांना भाषेत मुरवून घेण्यासाठी ग्विनेद काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्याची, वेगळी केंद्रं आहेत. आमचा धाकटा वर्षाच्या आत घरी भांडायलाही वेल्शमध्येच लागला. मोठ्यांसाठीही वर्ग भरतात, ऑनलाइनसुद्धा. घरात मराठी मात्र सोडू नका. दोन भाषांत वाढलेल्या मुलाचं इथे कुणाला नवल वाटत नाही.

व्यवहाराचं थोडं. गाडी चालवता यायलाच हवी. बस आहे, पण मोठी रेल्वे १९६५ मध्येच बंद झाली, आता तळ्याकाठची छोटी आगगाडी पर्यटकांसाठी धावते. डॉक्टर बालाला, मोठं इस्पितळ रेक्समला, तासाभराच्या वाटेवर. डाळी, कढीपत्ता आम्ही लिव्हरपूलहून महिन्याचा एकदम आणतो. घर भाड्यानंच घ्या. बाहेरच्यांनी सुट्टीपुरती घरं घेऊन ठेवल्यानं गावच्या तरुणांना घर मिळेनासं झालंय. म्हणून तर काउंटीनं २०२३ पासून अशा घरांवर दीडशे टक्के जादा कर बसवला.

आणि पक्कं करण्याआधी नोव्हेंबरात चार दिवस येऊन राहा. उन्हाळ्यात कुणालाही हे गाव आवडतं. साडेचारला अंधार पडतो, पाऊस आडवा येतो, ते दिवस बघा. आमच्याकडे उतरा, एका संध्याकाळी गायनाच्या तालमीला घेऊन जाईन.