पेशंटच्या घराची भिंत विचार

प्रिय डॉक्टर,

कोल्हापुरात शाहूपुरीत दवाखाना सुरू करतेयस, फार आनंद झाला. खरेदीच्या यादीतलं बाकी काही मागंपुढं झालं तरी चालेल, स्पायरोमीटर (फुंकायला लावून फुफ्फुसांची ताकद मोजायचं यंत्र) मात्र पुढच्या वर्षावर ढकलू नकोस. आणि धाप लागलेला माणूस समोर बसला की छाती तपासताना एवढं विचारत जा : घर कुठं, आणि पुराचं पाणी भिंतीला कुठवर आलं होतं?

पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. हवा एका अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, मग पाऊस धो धो कोसळतो. अर्थात नदीकाठची बांधकामं आणि धरणांचे विसर्गही पुरात भर घालतात. सगळा दोष हवामानावर टाकणं मला पटत नाही.

पाणी ओसरलं की आपलं काम सुरू होतं. भिजलेल्या गादीत, प्लायवूडच्या कपाटामागं एक-दोन दिवसांत बुरशी धरते. वरून रंग मारला तरी भिंतीत ओल राहते. दिवाळीत एखादी बाई खोकत येईल, ‘जुनी सर्दी आहे’ म्हणेल. तिचं कपाट कुठल्या भिंतीला आहे ते विचार. वाळलेला गाळ कोरडा झाडू नका, मास्क लावून, पाणी मारून काढा, हेही आधीच सांगून ठेव.

गळीत हंगामात उसाचं पाचट पेटतं आणि थंडीत तो धूर जमिनीलगतच रेंगाळतो. मे महिन्यात कडक उन्हानं गाड्यांच्या धुरातून श्वासाला त्रास देणारा ओझोन वायू तयार होतो. तेव्हा दम्याच्या माणसाला दुपारची कामं सकाळी उरकायला सांग.

दम्याचं औषध ओढायच्या पंपाबद्दल ‘पंपाची सवय लागते’ हे रोज ऐकशील. चिडू नकोस. बरं वाटलं म्हणून लोक स्टिरॉइडचा पंप सोडतात, कारण तो आतली सूज रोखतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पंप तुझ्यासमोर ओढायला लाव, नंतर चूळ भरायला सांग.

जून लागला की पूरपट्ट्यातल्या दम्याच्या पेशंटना फोन करवून घे. महिनाभराचे पंप, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) आणि औषधांची चिठ्ठी प्लास्टिकच्या एका पिशवीत तयार हवी. नदी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की घर सोडताना कागदपत्रांबरोबर ही पिशवीही उचलायची.

तुझे सर